‘लाईन स्लो’ म्हणण्याआधी फॉर्म काय मागतो ते तपासावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पतसंस्थेच्या शाखेत, बाजार समितीत किंवा शाळेच्या कार्यालयात खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला "थांबा, लाईन स्लो आहे" हे उत्तर मराठवाड्यात इतक्या वेळा ऐकावे लागते की, त्यावर पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लाईनचा दोष कधीच नसतो असे मी म्हणत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, वीज जाते, पावसात टॉवरची रेंज जाते. परंतु लातूर जिल्ह्यातील काही सहकारी संस्थांच्या संगणकीय हिशेबाचे काम पाहताना माझी खात्री झाली आहे की, पुष्कळ ठिकाणी लाईन कामापुरती पुरेशी असते आणि तिच्यावरून गरजेपेक्षा शेकडो पटींनी अधिक माहिती मागवणारा संगणकाच्या पडद्यावरचा फॉर्म हेच विलंबाचे खरे कारण असते. हे कारण दूर करणे सर्वस्वी संस्थेच्या हातात आहे, म्हणून ते आपल्या वाचकांपुढे थोडे तपशिलाने मांडतो.

माझ्या पाहण्यातील अनेक लहान संस्थांचा हिशेब अजूनही मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस, म्हणजे नोंदी साठवण्याच्या व शोधण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे सॉफ्टवेअर 1992 मध्ये बाजारात आले आणि स्थानिक मुलांनी शिकून, स्वतःच्या हाताने फॉर्म बनवावेत इतके ते सोपे असल्याने ते तालुक्या-तालुक्यांत टिकले. यात माहितीची एक फाईल मुख्य संगणकावर असते आणि इतर संगणकांवरच्या फॉर्ममध्ये तिच्यातील टेबले, म्हणजे नोंदींचे तक्ते, लिंक केलेली असतात. बहुतेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, या रचनेत मुख्य संगणक शोधाशोध काहीच करीत नाही. तो फक्त फाईलचे तुकडे मागेल त्याला देतो. एका तुकड्याला पान म्हणतात आणि ते 4 केबीचे असते. कोणती पाने हवीत हे ठरवणे, ती मागवणे आणि त्यातून हवी ती नोंद वेचणे हे सगळे काम कारकुनाच्या समोरच्या संगणकावरच होते. त्यामुळे फॉर्म कशा रीतीने विचारतो, यावर लाईनवरून किती ओझे वाहिले जाईल हे ठरते.

याबाबत दोन परस्परविरोधी गैरसमज मी ऐकतो. पहिला असा की, ॲक्सेस प्रत्येक वेळी सगळे टेबल ओढून आणते, म्हणून ते नेटवर्कवर वापरण्यायोग्यच नाही. दुसरा असा की, टेबल लिंक केले म्हणजे हवे तेवढेच आपोआप येते. दोन्ही चूक आहेत. समजा, एका संस्थेत 1 लाख खातेदार आहेत आणि प्रत्येकाची नोंद 400 बाइटची आहे. एका पानावर अशा 10 नोंदी मावतात, म्हणजे टेबलाची 10,000 पाने होतात आणि सगळा मजकूर 40 एमबीच्या आसपास जातो. खाते क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद कोणत्या पानावर आहे हे सांगणारी क्रमवार सूची, असेल आणि फॉर्मने एकच खाते क्रमांक विचारला, तर इंडेक्सची साधारण 3 पाने आणि प्रत्यक्ष नोंदीचे 1 पान एवढेच यावे लागते; हे 16 केबी झाले. इंडेक्स नसेल, किंवा असूनही त्याचा उपयोग होणार नाही अशा रीतीने विचारले असेल, तर ती एक नोंद सापडेपर्यंत टेबलाची पानेच्या पाने चाळावी लागतात आणि ती सगळी लाईनवरूनच यावी लागतात.

आता वेळेचा हिशेब पाहावा. शाखेची लाईन 10 एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 10 मेगाबिटची (8 बिटांचा 1 बाइट), असेल तर 40 एमबी यायला निदान 32 सेकंद लागतात. परंतु खरा वेळ याहून कितीतरी अधिक लागू शकतो, कारण प्रत्येक मागणी मुख्य कार्यालयापर्यंत जाऊन उत्तर घेऊन परत यायला ठरावीक वेळ जातो. ही एक फेरी 50 मिलिसेकंदांची धरली, तर 4 पानांना पाव सेकंदही लागत नाही. 10,000 पाने एकामागून एक मागवली तर मात्र 500 सेकंद, म्हणजे 8 मिनिटांहून अधिक वेळ जातो. संचालक मंडळाने ठराव करून लाईन 100 एमबीपीएसची घेतली तरी फेरीचा वेळ त्याच प्रमाणात घटत नाही, कारण तो अंतरावर, वाटेतल्या उपकरणांवर आणि मधल्या गर्दीवर अवलंबून असतो. दुप्पट-चौपट पैसे मोजूनही फॉर्म तसाच रेंगाळतो, अशी तक्रार करणाऱ्या व्यवस्थापकांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

यातील मूळ विचार आपल्याकडच्या महसुली दप्तराला अनोळखी नाही. सातबाऱ्यावर जमिनीचा सगळा इतिहास लिहिलेला नसतो. तिथे फेरफाराचा क्रमांक असतो, आणि ज्याला त्या व्यवहाराचा तपशील हवा तो गाव नमुना 6 ची फेरफार नोंदवही काढून नेमकी तीच नोंद पाहतो. एका खातेदाराची गावातील एकूण जमीन हवी असेल तर खाते क्रमांकावरून 8-अ पाहावा लागतो. गट क्रमांक, खाते क्रमांक, फेरफार क्रमांक या तीन दुव्यांनी ही दप्तरे एकमेकांना बांधलेली आहेत आणि म्हणून एका शेतकऱ्याच्या कामासाठी सगळ्या गावाचे दप्तर सोडावे लागत नाही. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये टेबलांच्या अशा परस्परसंबंधांना गणिती पाया दिला, आणि त्याच सुमारास बोइंग कंपनीत रुडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट यांनी बी-ट्री ही इंडेक्सची रचना मांडली, जिच्यामुळे लाखो नोंदींतून एक नोंद तीन-चार पायऱ्यांत सापडते. आजची बहुतेक डेटाबेस सॉफ्टवेअर या दोन कल्पनांवर उभी आहेत. संस्थेच्या फॉर्मने त्यांचा लाभच घेतला नाही तर दोष त्या कल्पनांचा नव्हे.

लिंक केलेल्या फॉर्मची नेहमीची मांडणी अशी असते : वर खातेदाराचा मुख्य फॉर्म, खाली त्याच्या व्यवहारांचा उपफॉर्म, आणि दोघांना जोडणारा खाते क्रमांक. मुख्य फॉर्मवर खातेदार बदलला की उपफॉर्म त्याच क्रमांकाचे व्यवहार मागवतो. ही मागणी हलकी राहण्यासाठी व्यवहारांच्या टेबलातही खाते क्रमांकावर इंडेक्स असावा लागतो. खातेदारांच्या टेबलात खाते क्रमांक हीच प्राथमिक की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, असल्याने तो असतोच. व्यवहारांच्या टेबलात तो विसरला जातो आणि नेमके तेच टेबल वर्षागणिक फुगत जाते. ॲक्सेसमध्ये दोन टेबलांचा संबंध रीतसर नोंदवून त्यांच्या परस्परसुसंगतीची सक्ती चालू केली, तर हा इंडेक्स सॉफ्टवेअर स्वतःच बनवते. तरीही "सक्ती चालू केली की जुन्या चुकीच्या नोंदींवरून संदेश येतात" म्हणून ती बंद ठेवलेली मी पाहिली आहे. त्या जुन्या नोंदी दुरुस्त करणे हेच योग्य, कारण ज्या व्यवहाराला खातेदारच नाही तो हिशेबात राहू देणे लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही बरोबर नाही.

उपफॉर्मबाबत आणखी एक गोष्ट फॉर्म बनवणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवी. एकाच पडद्यावर कर्ज, ठेव, शेअर्स, जामीनदार आणि पत्रव्यवहार असे पाच टॅब ठेवले, की कारकून पहिलाच टॅब पाहणार असला तरी पाचही उपफॉर्म सुरुवातीलाच आपापली माहिती मागवतात. शिवाय ॲक्सेसमध्ये उपफॉर्म मुख्य फॉर्मच्या आधी भरले जातात, म्हणजे अजून खातेदारच ठरलेला नसताना ही धावपळ झालेली असते. टॅबवर क्लिक केल्यानंतरच त्यात उपफॉर्म बसवायचा, तोवर ती जागा रिकामी ठेवायची, एवढ्या एका बदलाने फॉर्म उघडण्याच्या वेळेत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. मुख्य फॉर्मही रिकामाच उघडावा. कारकुनाने खाते क्रमांक टाकला की त्या एका खातेदाराची अट घालून माहिती मागवावी. सगळे खातेदार भरून पहिल्या नोंदीवर उभा राहणारा फॉर्म दिसायला भरगच्च वाटतो, पण खिडकीपाशी उभा असलेला माणूस त्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे याच्याशी पहिल्या नोंदीचा काही संबंध नसतो.

निवडीच्या याद्यांचेही तसेच आहे. जामीनदार निवडण्यासाठी सगळ्या खातेदारांची यादी उघडणारा कॉम्बो बॉक्स मी एकाहून अधिक संस्थांत पाहिला. ॲक्सेसच्या अशा यादीत सुमारे 65 हजार ओळींपलीकडे दिसतच नाहीत, म्हणजे लाख खातेदारांच्या संस्थेत ती यादी जड तर असतेच, शिवाय अपुरीही असते. नावाची पहिली तीन अक्षरे टाकल्यावर तेवढ्याच नावांची यादी मागवणे हा यावरचा साधा उपाय आहे. गावे, पिके, शाखा, व्याजदर अशा क्वचित बदलणाऱ्या याद्या मात्र सकाळी फॉर्म सुरू होताना एकदाच आणून त्याच संगणकावर ठेवाव्यात.

नावावरून शोध हा आपल्या भागात स्वतंत्र विचार करण्याचा विषय आहे. खेड्यातून आलेल्या माणसाकडे पासबुक नसते, खाते क्रमांक पाठ नसतो; तो नाव आणि गाव सांगतो. अनेक संस्थांत मात्र स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एकाच रकान्यात त्याच क्रमाने टाइप केलेले असते. मग "जाधव" शोधायचे झाले तर "आधी काहीही असो, पुढे जाधव" अशी मागणी करावी लागते आणि अशा मागणीला इंडेक्सचा काहीच उपयोग होत नाही, कारण इंडेक्स पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो. आडनाव वेगळ्या रकान्यात ठेवून त्यावर इंडेक्स करणे आणि सोबत गावाची अट घालणे एवढे केले की शोध नेमका होतो. गावही नावाने न ठेवता संकेतांकाने ठेवावे. पिंपळगाव आणि वडगाव एकेका तालुक्यात किती आहेत हे मराठवाड्यात कोणाला सांगायला नको, आणि त्यात एकाने ‘बु.’ लिहायचे, दुसऱ्याने ‘बुद्रुक’ लिहायचे, हे तर नेहमीचेच आहे.

मराठी माहितीचे ओझे इंग्रजी माहितीपेक्षा अधिक असते, हेही लक्षात ठेवावे. यूटीएफ-8 या सांकेतिक पद्धतीत इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे असतात. ॲक्सेसमध्ये इंग्रजी मजकूर आटोपशीर करून साठवण्याची सोय आहे. ती देवनागरीला लागू पडत नाही. म्हणून मराठी टाकू नये असा याचा अर्थ मुळीच नाही, आपल्या लोकांची नावे आपल्या लिपीतच असली पाहिजेत. परंतु त्यामुळेच प्रत्येक फॉर्मने न लागणारे रकाने मागवू नयेत, ही शिस्त आपल्याला अधिक काटेकोरपणे पाळावी लागते. छायाचित्र आणि सहीचा नमुना तर मागितल्याशिवाय कधीच येऊ देऊ नये. त्यासाठी वेगळे बटण ठेवावे.

माहिती एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारख्या सर्व्हरवर नेऊन ओडीबीसी या जोडणीच्या सोयीने ॲक्सेसला लिंक केली, तर शोध मुख्य संगणकावर होतो आणि लाईनवरून फक्त उत्तर येते. शाखा दूर असतील तर माझ्या मते हाच मार्ग योग्य आहे. परंतु जुने फॉर्म जसेच्या तसे नव्या सर्व्हरला जोडले आणि वेग वाढला नाही म्हणून सर्व्हरलाच नावे ठेवली, असेही घडते. अशा लिंकमध्ये ॲक्सेस आधी अटीत बसणाऱ्या नोंदींचे फक्त ओळख-क्रमांक आणते आणि मग पडद्याला लागतील तशा 10-10 नोंदी मागवते. ही पद्धत काटकसरीची आहे, पण फॉर्मला अटच नसेल आणि कोणी शेवटच्या नोंदीवर जाण्याचे बटण दाबले, तर लाखभर क्रमांकांची रांग आधी आणावी लागते. दुसरे असे की, अटीमध्ये ॲक्सेसमध्येच लिहिलेले एखादे फंक्शन असेल, उदाहरणार्थ मराठी अंकांचे इंग्रजी अंक करणारे, तर सर्व्हरला ते फंक्शन ठाऊक नसल्याने सगळ्या नोंदी इकडे आणून एकेक तपासल्या जातात. अंकांचे रूपांतर मागणी पाठवण्याआधी करून घ्यावे आणि सर्व्हरला तयार क्रमांकच द्यावा. तारखांचेही तसेच. प्रत्येक तारखेतून आर्थिक वर्ष काढून ते 2024-25 आहे का हे विचारले, तर तारखेचा इंडेक्स वाया जातो. 1 एप्रिल 2024 पासून 31 मार्च 2025 पर्यंतच्या नोंदी द्या असे विचारले, तर तो उपयोगी पडतो. मार्चअखेरीस ज्या अहवालांसाठी कर्मचारी रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यांतील काही अहवाल एवढ्याच बदलाने काही सेकंदांवर आलेले मी पाहिले आहेत.

ब्राउझरमध्ये चालणारे नवे फॉर्म या दोषापासून मुक्त आहेत असे कोणी समजू नये. 50 खातेदारांची यादी एका मागणीत आणायची आणि मग प्रत्येकाची शिल्लक विचारायला स्वतंत्र मागणी पाठवायची, म्हणजे 51 फेऱ्या, हा प्रकार तिथे सर्रास आढळतो. दोन टेबले जोडून एकाच मागणीत हे काम होते.

ज्यांना लगेच सर्व्हर घेणे परवडणार नाही त्यांनी निदान तीन गोष्टी पाळाव्यात. फॉर्मची प्रत प्रत्येक संगणकावर स्वतंत्र ठेवावी आणि मुख्य संगणकावर फक्त माहितीची फाईल असावी. त्या फाईलशी एक जोडणी दिवसभर उघडी ठेवावी, म्हणजे प्रत्येक फॉर्मगणिक लॉक फाईल (फाईल कोण वापरत आहे याची नोंद ठेवणारी छोटी फाईल) नव्याने बनवण्यात आणि पुसण्यात वेळ जात नाही. आणि ॲक्सेसची माहितीची फाईल वाय-फायवरून किंवा शाखेतून व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून, थेट कधीही उघडू नये, कारण पान लिहिले जात असताना जोडणी तुटली तर फाईल बिघडू शकते. हे तिसरे सर्वांत महत्त्वाचे आहे. दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या गावात हा धोका कागदावरचा नाही. वेग कमी असणे एक वेळ सोसता येते, ठेवीदारांच्या नोंदी हरवणे सोसता येत नाही. दूरच्या शाखेने रिमोट डेस्कटॉपने मुख्य कार्यालयातील संगणकावरच काम करावे, म्हणजे लाईनवरून केवळ पडद्याचे चित्र आणि कळफलकाचे ठोके जातात.

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या संस्थांकडून मला एक ठाम अपेक्षा आहे. कराराच्या वेळी किंमत, देखभाल आणि अहवालांचे नमुने यांवर बराच खल होतो. फॉर्म उघडताना किती मागण्या जातात, किती नोंदी येतात आणि किती केबी मजकूर वाहतो, हे कोणी विचारीत नाही. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याच्या लॅपटॉपवर 50 नोंदी असतात आणि माहितीही त्याच यंत्रावर असते. तिथे कोणताही फॉर्म क्षणात उघडतो. चाचणी संस्थेच्या सर्व वर्षांच्या माहितीवर, सर्वांत मंद लाईन असलेल्या शाखेत, खरीप कर्जवाटपाच्या दिवसांत असते तेवढ्या गर्दीत घ्यावी आणि ती उतरल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये. एका तालुक्याच्या पतसंस्थेत अशी चाचणी न घेता सॉफ्टवेअर स्वीकारले गेले आणि पेरणीच्या तोंडावर कर्जाचा फॉर्म उघडायला इतका वेळ लागू लागला की, तांड्यांवरून आणि वाड्यांवरून आलेल्या लोकांना दुसऱ्या दिवशी या म्हणून परत पाठवावे लागले. त्यांची त्या दिवशीची मजुरी आणि एसटीचे भाडे कोणाच्याच हिशेबात धरले गेले नाही.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्याशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी संगणक शाखेचे विद्यार्थी डेटाबेसवर प्रकल्प करतात. या प्रकल्पांचे गुण देताना फॉर्म 1 लाख नोंदींवर आणि मुद्दाम मंद केलेल्या जोडणीवर चालवून पाहावा, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. जोडणी कृत्रिमरीत्या मंद करणारी साधने विनामूल्य मिळतात आणि त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नाही. यांतीलच मुले पुढे आपल्या पतसंस्थांचे, आडत दुकानांचे आणि डाळमिलांचे फॉर्म बनवणार आहेत. चाचणीसाठी मी काल्पनिक नावे आणि गावे घालून 1 लाख खातेदारांची व त्यांच्या व्यवहारांची एक फाईल तयार केली आहे. ज्या महाविद्यालयाला किंवा संस्थेला ती हवी असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास मी ती विनामूल्य देईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
उदगीर, जि. लातूर